रॅमची सोयरीक

जुनी वस्तू टाकवत नाही आणि नवी घेववत नाही, या पेचात मध्यमवर्गीय कुटुंब वर्षातून एकदा तरी सापडतेच आणि ती वेळ बहुधा दिवाळीच्या साफसफाईची असते. माळ्यावरून पितळी समई खाली येते, बिनझाकणाचा डबा येतो, बंद पडलेले घड्याळ येते. हल्ली या मंडळींत आणखी एकाची भर पडली आहे. तो म्हणजे टेबलावरचा जुना संगणक. सात-आठ वर्षांपूर्वी त्याला मोठ्या हौसेने हळदकुंकू वाहिलेले असते. आता त्याचे बटण दाबून चहाचे आधण ठेवावे, चहा होऊन पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचे चक्र फिरतेच आहे! चिरंजीव म्हणतात, "बाबा, आता नवा घ्या." बाबा म्हणतात, "अरे, चालतो आहे ना अजून?" अशा वेळी कोणी तरी जाणता मनुष्य सल्ला देतो, "नवा कशाला? त्यात रॅम कमी आहे, एवढेच. एक पट्टी आणखी टाका." मराठी माणसाला हे निदान चटकन पटते. ज्यात राम नाही, ते चालावे कसे?

पण खरा प्रश्न याच्या पुढे उभा राहतो. आतली जुनी पट्टी एका कंपनीची, चार जीबीची. बाजारात मिळणारी दुसऱ्या कंपनीची, आठ जीबीची, आणि वेगही निराळा. या दोघी एका घरात नांदतील काय?

आमच्या पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न रोजच्या व्यवहारातला आहे. घरी, शाळेत, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत असे जुने संगणक अजून कष्ट करीत आहेत. नागपूर काही लांब नाही. पण सात वर्षांपूर्वीची तीच पट्टी, त्याच कंपनीची आणि त्याच वेगाची, नागपुरात तरी कोठून मिळणार? शिवाय २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती भराभर चढल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जी प्रचंड संगणकगृहे उभी राहत आहेत, त्यांची स्मृतीची भूक भागवता भागवता कारखानदारांचे घरगुती गिऱ्हाइकाकडे दुर्लक्ष झाले. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला 'क्रुशियल' हा घरगुती रॅमचा धंदाच आवरता घेण्याची घोषणा केली. तेव्हा जवळ आहे ती पट्टी ठेवून तिला जोडीदारीण पाहणे, हा विचार साध्या घराला सुचावा यात नवल नाही.

उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक वेळा नांदतात. मात्र सोयरीक करताना चार गोष्टी पाहाव्या लागतात आणि लग्न लागल्यावर एक परीक्षा घ्यावी लागते. पहिल्या चार गोष्टी दुकानदार सांगतो. परीक्षेचे मात्र सहसा कोणी बोलत नाही, आणि खरे नुकसान होते ते तेथेच.

पणत्यांची आरास

रॅमला आपण 'स्मृती' म्हणतो खरे, पण भाषा शिकवणाऱ्याला हा शब्द जरा खटकतो. वीज गेली की हिला काहीही आठवत नाही. फोटो, पत्रे, हिशेब हे सारे राहते ते डिस्कमध्ये. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. चकलीचे पीठ, साचा, कढई हे सारे कोठीतून काढून ओट्यावर मांडले म्हणजे काम झपझप होते. ओटा लहान असेल तर एक वस्तू उचलून कोठीत ठेवायची, दुसरी आणायची, पुन्हा पहिलीसाठी धावायचे, अशी त्रेधा उडते. रॅम कमी पडली म्हणजे संगणक नेमके हेच करतो. तो डिस्ककडे धाव घेत राहतो, आणि आपण चक्र पाहत बसतो.

या ओट्याची घडण मोठी मौजेची आहे. अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली ही युक्ती सुचली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. युक्ती अशी की, प्रत्येक बिंदूची माहिती विजेच्या अगदी इवल्या साठ्यात ठेवायची. साठा भरलेला असला तर एक, रिकामा असला तर शून्य. दिवाळीच्या दिवसांत याला पणतीची उपमा देणे योग्य होईल. पेटलेली पणती म्हणजे एक, विझलेली म्हणजे शून्य. अशा आठ पणत्यांची ओळ म्हणजे एक बाइट, आणि आठ जीबीच्या पट्टीत अशा सुमारे ६,८७२ कोटी पणत्या असतात! यांतले तेल सतत झिरपत असते. म्हणून संगणक साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे सोळा वेळा, ओळीओळीने फिरून पेटलेल्या प्रत्येक पणतीत पुन्हा तेल घालून येतो. आपण चहा पीत असतो तेव्हाही ही वर्दळ चालू असते.

याच्या आधीचा काळही आठवण्यासारखा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्माला आले त्याच वर्षी, कामाला लागला. त्याच्या स्मृतीत फेराइटच्या बारीक कड्या ओवलेल्या होत्या, आणि तीत प्रत्येकी चाळीस बिंदूंचे २,०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबाने ते दहा किलोबाइट होतात. आपली आठ जीबीची पट्टी त्याच्या सुमारे ८ लाख ३९ हजार पट मोठी आहे. पण कड्यांच्या स्मृतीचा एक गुण हिच्यात नाही. ती वीज गेल्यावरही विसरत नसे.

पिढी आणि जात

सोयरिकीतली पहिली गोष्ट पिढीची. डीडीआर-३ हे मानक २००७ साली, डीडीआर-४ हे २०१२ साली आणि डीडीआर-५ हे २०२० साली प्रसिद्ध झाले. यांची आपसांत मिसळ होत नाही. डीडीआर-३ ला दीड व्होल्ट लागतात, डीडीआर-४ ला १.२ आणि डीडीआर-५ ला १.१. डीडीआर-३ च्या पट्टीला २४० टोके असतात, पुढच्या दोन्हींना २८८. पट्टीच्या खालच्या कडेला जी खाच असते, तिची जागाही प्रत्येक पिढीत मुद्दाम बदललेली आहे, म्हणजे चुकीची पट्टी स्लॉटमध्ये बसूच नये. तेव्हा पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. ती उलटी धरली आहे काय ते पाहावे, आणि तरीही बसत नसेल तर पिढी निराळी आहे असे समजावे.

एक पोटजात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डीडीआर-३ मध्येच 'एल' अक्षराची १.३५ व्होल्टची पट्टी निघाली होती. ती दीड व्होल्टवरही चालते, म्हणून जुन्या टेबली संगणकात दोघींचे जमते. पण जो मदरबोर्ड केवळ १.३५ व्होल्टचा आहे, त्यात दीड व्होल्टवालीला नेऊ नये.

दुसरी गोष्ट जातीची. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती टेबली संगणकाला उपयोगी नाही. हे डोळ्यांना दिसते, म्हणून फसगत होत नाही. फसगत होते ती सर्व्हरच्या पट्टीने. मोठ्या कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्या सर्व्हरच्या 'रजिस्टर्ड' पट्ट्या जुन्या बाजारात स्वस्तात येतात. डीडीआर-४ मध्ये त्यांची खाचही घरगुती पट्टीसारखीच असल्याने त्या स्लॉटमध्ये अगदी ऐटीत बसतात. पण घरगुती संगणक त्यांना ओळख देत नाही. अशीच एक पट्टी हातात घेऊन आमच्याकडचा एक माजी विद्यार्थी, जो आता संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो, मला म्हणाला, "बसन तर सर, पन चालन याचा नेम नाई." मी म्हटले, "अरे, मग लोक घेतात कशी?" तर हसून म्हणाला, "स्वस्त दिसली का घेतात जी सर, मंग मायाकडे आनतात!"

पत्रिका पट्टीवरच असते

तिसरी गोष्ट वेगाची. प्रत्येक रॅमपट्टीवर एक लहानशी निराळी चिप असते. तिच्यात त्या पट्टीचे आकारमान, वेग आणि वेळेची गणिते लिहून ठेवलेली असतात. ही तिची जन्मपत्रिकाच म्हणा ना. बटण दाबताच संगणक आधी सर्व पट्ट्यांच्या पत्रिका वाचतो आणि सर्वांना झेपेल असा वेग ठरवतो.

अनोळखी कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र येऊ शकतात त्या या पत्रिकेच्या जोरावर. 'जेडेक' ही संस्था १९५८ पासून या धंद्यातली मानके ठरवीत आली आहे. बाजारात एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या कंपन्या तिच्या बैठकीत एकत्र येऊन टोके किती, व्होल्ट किती, पत्रिका कशी लिहायची हे ठरवतात. तेव्हा 'एकाच कंपनीची पट्टी हवी' हा दुकानातला आग्रह सर्वस्वी खरा नाही. उलट, एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन पट्ट्यांतही, त्या दोन निराळ्या वर्षी तयार झाल्या असतील, तर आतल्या चिपा निराळ्या असू शकतात.

वेगाचा नियम शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. एक बैल ताठ आणि एक सुस्त असला तर जोडी सुस्ताच्याच चालीने चालते. २४०० वेगाची जुनी आणि ३२०० वेगाची नवी पट्टी एकत्र आल्या की दोन्ही २४०० ने चालतात. यात बिघाड काही नाही. फक्त जादा वेगासाठी जादा पैसे मोजले असतील तर ते वाया गेले. वेग ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. पट्टीवरच्या चिठ्ठीवर कधी कधी सरळ वेग न छापता पीसी४-१९२०० किंवा पीसी४-२५६०० असे छापलेले असते. शेवटच्या आकड्याला आठाने भागावे. पहिल्याचे उत्तर २४०० येते, दुसऱ्याचे ३२००. संगणक न उघडताही, विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि त्याखाली 'मेमरी' पाहिले, तर सध्याचा वेग आणि किती स्लॉट भरले आहेत ते दिसते.

काही पट्ट्यांच्या वेष्टनावर मोठा वेग छापलेला असतो, पण तो 'एक्सएमपी' नावाची विशेष मांडणी सुरू केल्याशिवाय मिळत नाही. एका पट्टीची ही मांडणी दुसरीला सोसेलच असे नाही. मिसळ केली असेल तर एक्सएमपी बंद ठेवावी.

चौथी गोष्ट आकारमानाची आणि जागेची. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ मध्ये एका पट्टीतून एका वेळी चौसष्ट बिंदूंची ने-आण होते. दोन पट्ट्या दोन निराळ्या वाटांवर बसवल्या तर एकशे अठ्ठावीस बिंदूंची. चार आणि आठ जीबीच्या पट्ट्या एकत्र केल्या तर बहुतेक संगणक दोहोंकडचे चार-चार मिळून आठ जीबी दुहेरी वाटेने वापरतात आणि उरलेले चार जीबी एकेरी वाटेने. म्हणजे विषम जोडीतही दुहेरीचा बराच लाभ पदरात पडतो. मदरबोर्डावर चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात. पक्के ते पुस्तिकेत पाहावे. मदरबोर्ड एकूण किती जीबी पेलतो, हेही तेथेच कळते. आणि विंडोज ३२ बिटची असेल तर चार जीबीच्या वर घातलेली रॅम तिच्या उपयोगी पडत नाही. तेव्हा पट्टी आणण्याआधी ते पाहून घ्यावे.

'काय'ची 'गाय'

चारही गोष्टी जुळल्या, संगणक सुरू झाला, पडद्यावर बारा जीबी दिसले. घरात आनंदीआनंद झाला. दुकानदार हिशेब घेऊन गेला. परंतु पत्रिका जुळली म्हणजे संसार झाला असे नव्हे, हे वडीलधाऱ्या मंडळींना मी काय सांगावे?

कंपन्या परीक्षा घेतात ती एका पाकिटात विकलेल्या जोडीची. मदरबोर्डवालेही तपासलेल्या पट्ट्यांची यादी देतात. पण आपल्या घरात जमलेली ही विशिष्ट जोडी जगात कोणीच तपासलेली नसते. एकाच वाटेवर दोन पट्ट्या असल्या तर त्या त्याच तारांवरून बोलतात. एकीच्या चिपांची घडण निराळी असली की संकेत किंचित लवकर वा उशिरा पोचतो. वाचन चुकते आणि पेटलेली पणती विझलेली दिसते. संगणक अचानक निळा पडदा दाखवून बंद पडला, तर ते एका अर्थी बरे. निदान कळते तरी. वाईट ते न कळता होते.

मराठीचा अध्यापक म्हणून मी एक उदाहरण देतो. युनिकोड पद्धतीत आपल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे, आणि 'क' व 'ग' यांच्या क्रमांकांत केवळ एका पणतीचा फरक आहे. ती एक पणती चुकली की 'काय'ची 'गाय' होते. हसून सोडून देऊ. पण देवनागरी '१' आणि '९' यांच्यातही एकाच पणतीचा फरक आहे; इंग्रजी आकड्यांतही तसेच. हिशेबाच्या फाइलीत १,००० चे ९,००० झाले तर? शब्दशुद्धी तपासणाऱ्याला ते दिसणार नाही, कारण ९,००० हाही शुद्धच आकडा आहे. फाइल जतन करताना ती रॅममधूनच डिस्कवर जाते. म्हणजे चूक कायमची लिहिली गेली. पुढे त्याच फाइलीची दुसरी प्रत काढली की तीही चुकीची. फोटो आणि दाबून बांधलेल्या फाइली यांच्या बाबतीत तर एका पणतीने सबंध फाइल उघडेनाशी होऊ शकते. कोणाच्या प्रबंधाची तीन वर्षे त्यात असतात, कोणाच्या दिवंगत आईचे फोटो असतात. पट्टीची किंमत दुकानात परत मागता येते. यांची येत नाही.

मोठ्या सर्व्हरमध्ये अशी चूक ओळखून दुरुस्त करण्यासाठी जादा चिप बसवलेली असते. आपल्या घरगुती संगणकात सहसा ती सोय नसते. म्हणून परीक्षा आपणच घ्यायची.

रात्रभराची परीक्षा

ती अवघडही नाही आणि खर्चाचीही नाही. 'मेमटेस्ट-८६' किंवा 'मेमटेस्ट-८६ प्लस' हे आज्ञासंच फुकट मिळतात. ते पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून संगणक सुरू करायचा आणि रात्रभर चालू ठेवायचा. हा आज्ञासंच प्रत्येक पणती लावून, विझवून, शेजारच्या पणत्या बदलून पुन्हा पुन्हा पाहतो. हे जमत नसेल तर विंडोजच्या शोधचौकटीत 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हे नाव लिहिले तरी साधी परीक्षा होते. सकाळी चुकांचा आकडा शून्य असला पाहिजे. येथे पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण करण्याची सोय नाही. एक चूक आली तरी जोडी नापास.

नापास झाली म्हणून घाबरू नये. संगणक बंद करून एकेक पट्टी निराळी तपासावी. दोघी एकेकट्या उत्तीर्ण आणि एकत्र नापास झाल्या, तर दोष कोणा एकीचा नाही. जोडीच जमत नाही. मग बायोसमध्ये जाऊन वेग एक पायरी खाली आणून पाहावा. पुष्कळदा तेवढ्याने भागते. तरीही न जमले तर नवी पट्टी परत करावी. म्हणूनच खरेदी करतानाच दुकानदाराला विचारून ठेवावे, "भाऊ, तपासून नाही जमली तर बदलून द्याल ना?" जो 'हो' म्हणतो त्याच्याकडून दहा-वीस रुपये जास्त देऊनही घ्यावी.

पट्टी बसवताना विजेची तार काढावी, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, आणि पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. थंडीत आमच्याकडची हवा इतकी कोरडी होते की लोकरी स्वेटर काढताना ठिणग्या तडतडतात. ती ठिणगी आपल्याला गुदगुली करते, पण चिपेला जाळू शकते. पट्टी कडांनी धरावी. सोनेरी टोकांना बोट लावू नये.

आणि विदर्भातल्या वाचकांसाठी एक जादा सूचना. चिप जितकी तापते तितके पणतीतले तेल लवकर झिरपते. मानकातच असे म्हटले आहे की, चिपेचे तापमान ८५ अंशांवर गेले तर तेल दुप्पट वेळा घालावे लागते. घरगुती पट्टी सहसा इतकी तापत नाही. पण काठावर उत्तीर्ण झालेली जोडी उन्हाळ्यात डगमगू शकते. तेव्हा दिवाळीच्या गारव्यात पास झालेल्या जोडीची परीक्षा मे महिन्यात, भर दुपारी, कूलर बंद असताना पुन्हा एकदा घ्यावी. कॅबिनेटमधली धूळही त्याच वेळी झाडावी.

आता हे सारे करावे की सरळ नवा संगणक आणावा? माझे मत असे की, पत्रे, हिशेब, मुलांचा अभ्यास आणि बँकेचे व्यवहार एवढ्यासाठी बारा जीबी पुष्कळ आहेत, आणि विषम जोडीला त्यासाठी कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र ज्या संगणकावर प्रबंध, दुकानाची वही किंवा सबंध घराचे फोटो आहेत, त्यात परीक्षेवाचून अनोळखी पट्टी घालू नये. आणि पट्टी बसवण्याच्या आदल्या दिवशी या साऱ्याची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवावी, परीक्षेचा निकाल लागेपर्यंत तिला जोडूही नये. सणासुदीच्या गर्दीत एवढी एक रात्र संगणकाला एकटे सोडले तर काही बिघडत नाही. लक्ष्मीपूजन झाल्यावर परीक्षा सुरू करून निजावे. पाडव्याच्या सकाळी अभ्यंग उरकेपर्यंत निकाल पडद्यावर आलेला असतो.